वाचकांचे प्रश्न : बल कोणावर लागते आणि ते कोण लावते?

या वेळी आलेली बहुतेक पत्रे नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांची आहेत आणि ती जवळजवळ सगळी गती, बल व न्यूटनचे नियम यांविषयी आहेत. पत्रे वाचताना एक गोष्ट स्पष्ट दिसते. नियम मुलांना येतात, सूत्रेही बरोबर लिहिलेली असतात; अडचण येते ती प्रत्यक्षातली एखादी वस्तू समोर आल्यावर. म्हणून उत्तरे देताना मी सर्वत्र एकच पद्धत वापरली आहे. आधी कोणत्या वस्तूच्या गतीविषयी आपण बोलत आहोत ते ठरवायचे, मग त्या वस्तूवर बाहेरून कोणकोणती बले लागतात आणि ती कोण लावते हे एकेक करून लिहायचे, आणि एवढे झाल्यावरच नियमाकडे वळायचे. माझ्या मते या धड्यात शिकण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट हीच आहे. सूत्रे त्यानंतर येतात.

प्रश्न : बैल गाडीला जितक्या बलाने पुढे ओढतात तितक्याच बलाने गाडी बैलांना मागे ओढते, असे न्यूटनचा तिसरा नियम सांगतो. दोन्ही बले समान आणि विरुद्ध असतील तर त्यांची बेरीज शून्य व्हायला हवी. मग गाडी हलतेच कशी? (इयत्ता नववी, फलटण)

उत्तर : तिसरा नियम नुसता पाठ न करता जो त्यावर विचार करतो त्यालाच हा प्रश्न पडतो, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देतो.

तुझ्या पत्रातील ‘बेरीज’ या शब्दापाशी थोडे थांबू. बलांची बेरीज करायची ती एकाच वस्तूवर लागणाऱ्या बलांची. बैल जे बल लावतात ते गाडीवर लागते. गाडी जे बल लावते ते बैलांवर लागते. दोन बले दोन वेगळ्या वस्तूंवर असल्यामुळे ती एकमेकांना रद्द करू शकत नाहीत. गाडी हलेल की नाही हे पाहायचे असेल तर गाडीवरची बले मोजायची. गाडीने बैलांवर लावलेल्या बलाला त्या हिशोबात जागाच नाही.

आता आकडे घेऊन पाहू. समजा, ओझ्यासह गाडीचे वस्तुमान ५०० किलोग्रॅम आहे, चाके, आस आणि रस्ता यांच्यामुळे तिला २०० न्यूटन विरोध होतो आणि बैल तिला ३०० न्यूटन बलाने पुढे ओढत आहेत. गाडीवरचे परिणामी बल १०० न्यूटन झाले, म्हणजे तिचे त्वरण १०० भागिले ५००, अर्थात ०.२ मी/से² होईल. गाडीचा प्रश्न इथेच संपला.

पण बैलांचे काय? गाडी त्यांना ३०० न्यूटन बलाने मागे ओढते, हे तुझे म्हणणे अगदी खरे आहे. दोन्ही बैलांचे मिळून वस्तुमान ८०० किलोग्रॅम मानले, तर गाडीबरोबर त्यांनाही ०.२ मी/से² त्वरणाने पुढे जाण्यासाठी १६० न्यूटन परिणामी बल हवे. मागे ३०० न्यूटन खेच असताना पुढच्या दिशेने १६० न्यूटन शिल्लक राहायचे, तर कोणी तरी बैलांना ४६० न्यूटन बलाने पुढे ढकलले पाहिजे. ते काम जमीन करते. बैल खुरांनी जमीन मागे रेटतात आणि तिसऱ्या नियमानुसार जमीन त्यांना तितक्याच बलाने पुढे रेटते. हे बल खूर आणि जमीन यांच्यातील घर्षणातून येते, आणि म्हणूनच चिखलात पाय घसरू लागले की बैल कितीही ताकदीचे असले तरी गाडी जागची हलत नाही.

उत्तर बरोबर आहे की नाही हे पडताळण्याचा मार्गही आहे. बैल आणि गाडी मिळून एकच वस्तू माना. आता जुवापाशी होणारी ओढाताण या वस्तूच्या आतली झाली, ती मोजायची नाही. बाहेरून लागणारी बले दोनच उरतात : जमिनीने पुढे लावलेले ४६० न्यूटन आणि मागे २०० न्यूटन. परिणामी बल २६० न्यूटन, एकूण वस्तुमान १३०० किलोग्रॅम, त्वरण पुन्हा ०.२ मी/से². तिन्ही मार्गांनी एकच उत्तर येते.

गाडी एकसमान वेगाने चालू लागली की त्वरण शून्य होते. मग बैल गाडीला नेमके २०० न्यूटन बलाने ओढतात, गाडीही त्यांना २०० न्यूटननेच मागे ओढते आणि जमीनही त्यांना २०० न्यूटनने पुढे ढकलते. क्रिया आणि प्रतिक्रिया गाडी सुरू होताना समान होत्या, वेग वाढताना समान होत्या आणि आताही समानच आहेत. बदलते ते एकाच वस्तूवरील बलांचे संतुलन.

याच पत्रात पुढे टेबलावरच्या पुस्तकाचे उदाहरण आहे : पुस्तकाचे वजन ही क्रिया आणि टेबलाने वर लावलेले बल ही प्रतिक्रिया, असे लिहिले आहे. हे मात्र चुकीचे आहे, आणि ही चूक सर्रास आढळते. ही दोन्ही बले एकाच पुस्तकावर लागतात, त्यामुळे ती क्रिया-प्रतिक्रियेची जोडी असूच शकत नाहीत. ती समान आहेत कारण पुस्तक स्थिर आहे. पुस्तकाचे वजन म्हणजे पृथ्वीने पुस्तकाला खाली ओढणे. त्याची जोडी म्हणजे पुस्तकाने पृथ्वीला तितक्याच बलाने वर ओढणे. पृथ्वीचे वस्तुमान सुमारे ६ × १०²⁴ किलोग्रॅम असल्यामुळे त्या बलाचा परिणाम कोणत्याही उपकरणाला जाणवणार नाही इतका अल्प असतो, पण बल असते.

प्रश्न : बसने अचानक ब्रेक मारला की आपण पुढे ढकलले जातो. हे पुढे ढकलणारे बल कोठून येते? आणि वळणावर बाहेर फेकणारे बल कोणते? (इयत्ता नववी, चिपळूण)

उत्तर : दोन्ही ठिकाणी असे बल नाही. आधी सांगितलेली पद्धत वापर : वस्तू म्हणजे तू, आणि तुला पुढे ढकलणारे कोण आहे ते शोध. मागच्या माणसाने धक्का दिलेला नाही, आसनाने दिलेला नाही, हवेनेही नाही. बल लावणारी वस्तूच सापडत नसेल तर ते बल नाही, हे निःशंकपणे समजावे.

बस ताशी ३६ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला १० मीटर वेगाने जात असताना तूही त्याच वेगाने जात असतेस. ती ४ सेकंदांत थांबली तर तिचा वेग दर सेकंदाला २.५ मी/से इतका कमी होतो. तुझे वस्तुमान ४५ किलोग्रॅम धरले, तर तुलाही तिच्याबरोबर थांबण्यासाठी मागच्या दिशेने सुमारे ११२ न्यूटन बल मिळायला हवे. उभी असशील तर बसच्या तळाचे घर्षण हे बल तुझ्या पावलांना देते. पावले बसबरोबर मंदावतात, पण शरीराचा वरचा भाग जडत्वामुळे पूर्वीच्याच वेगाने पुढे जात राहतो, आणि म्हणून तोल पुढे जातो. वरचा दांडा धरला असेल तर हाताकडून ते मागचे बल मिळते. अपुरे पडले ते मागे खेचणारे बल. पुढे ढकलणारे बल कधी नव्हतेच.

वळणाचे उत्तरही असेच आहे. बस डावीकडे वळते तेव्हा तुझे शरीर सरळ रेषेत जाऊ पाहते, आणि बसची उजवी बाजू तुझ्याकडे सरकत येते. त्या बाजूचा दाब जाणवू लागतो तो डावीकडे, वळणाच्या केंद्राकडे असतो. तेच अभिकेंद्री बल. बसमध्ये बसून हिशोब करणाऱ्यांनी ‘अपकेंद्री बल’ मानण्याची रीत आहे आणि वरच्या वर्गांत ती शिकवली जाते, परंतु शाळेत असेपर्यंत रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या माणसाच्या नजरेनेच हिशोब करावा. दोन्ही रीती एकाच उदाहरणात मिसळल्या की उत्तर हमखास चुकते.

प्रश्न : चेंडू सरळ वर फेकला. सर्वांत उंच बिंदूवर त्याचा वेग शून्य असतो, मग त्वरणही शून्य असेल ना? आणि वर जाताना त्याच्यावर हाताचे बल असते की नाही? (इयत्ता दहावी, उदगीर)

उत्तर : दुसरा प्रश्न आधी घेऊ. हाताचे बल चेंडू हातात असेपर्यंतच असते. हात सुटल्यावर, हवेचा विरोध सोडून दिला तर, चेंडूवर एकच बल उरते आणि ते म्हणजे खाली ओढणारे गुरुत्वीय बल. वर जाताना, सर्वोच्च बिंदूवर आणि खाली येताना ते तेवढेच असते.

‘वर जात आहे म्हणजे वर नेणारे काही तरी असलेच पाहिजे’ ही समजूत फार जुनी आहे आणि ती बाळगणारे लोक साधे नव्हते. फेकलेल्या वस्तूला मागून हवा ढकलत राहते, असे ॲरिस्टॉटलचे मत होते. चौदाव्या शतकात पॅरिसच्या विद्यापीठात ज्याँ ब्युरिदाँ यांनी ते नाकारले आणि फेकणारा वस्तूला एक ‘आवेग’ देतो, असे मांडले. गतीत असलेली वस्तू गतीत राहण्यासाठी कोणत्याही बलाची गरज नाही, बल लागते ते वेग बदलण्यासाठी, हे गॅलिलिओ, देकार्त आणि शेवटी न्यूटन यांच्या कामातून स्पष्ट होईपर्यंत सतरावे शतक उलटत आले. तेव्हा हे तुला पहिल्या वाचनात पटले नसेल तर त्यात काही कमीपणा नाही.

आता पहिला प्रश्न. चेंडू १९.६ मी/से वेगाने वर फेकला असे समज. वरची दिशा धन मानून दर सेकंदाचा वेग लिहिला तर तो १९.६, ९.८, ०, -९.८, -१९.६ असा येतो. प्रत्येक सेकंदाला वेग ९.८ ने कमी होतो, आणि शून्याच्या आधीही व नंतरही हा बदल सारखाच आहे. त्वरण म्हणजे वेग नव्हे, तर वेग बदलण्याचा दर. तो सर्वोच्च बिंदूवरही ९.८ मी/से² आणि खालच्या दिशेनेच आहे. त्या क्षणी त्वरण खरोखर शून्य झाले असते आणि तसेच राहिले असते, तर वेग शून्यच राहून चेंडू त्या उंचीवर कायमचा थांबला असता.

प्रश्न : घर्षण गतीला विरोध करते, असे आम्ही शिकलो. मग चालताना घर्षण आपल्याला पुढे कसे ढकलते? सायकलच्या चाकांवर ते कोणत्या दिशेने असते? (इयत्ता नववी, मालवण)

उत्तर : वाक्यात थोडी दुरुस्ती करावी लागेल. घर्षण विरोध करते ते दोन पृष्ठभाग एकमेकांवरून घसरण्याला. चालताना तुझे पाऊल जमिनीवरून मागे घसरू पाहते. घर्षण ते घसरणे थांबवते, म्हणजेच पावलावर पुढच्या दिशेने बल लावते. ओल्या शेवाळलेल्या फरशीवर हे बल पुरेसे मिळत नाही आणि पाय निसटतो.

सायकलमध्ये पायडल मारताना साखळीमुळे मागचे चाक फिरते आणि त्याचा जमिनीला टेकलेला भाग मागे घसरू पाहतो, म्हणून मागच्या चाकावर घर्षण पुढे असते. सायकल पुढे नेणारे बाहेरचे बल तेच. पुढच्या चाकाला कोणी फिरवत नाही, सायकल त्याला पुढे ढकलते, म्हणून त्यावर घर्षण मागच्या दिशेने असते आणि त्यामुळेच ते चाक घसरत न जाता फिरू लागते. ब्रेक लावल्यावर दोन्ही चाकांवर ते मागे असते.

प्रश्न : जड आणि हलकी वस्तू एकाच वेळी जमिनीवर पोहोचतात असे पुस्तक सांगते, पण आम्ही गच्चीवरून नाणे आणि कागद टाकला तेव्हा नाणे आधी पडले. पुस्तक चूक की प्रयोग? (इयत्ता नववीतील तीन मैत्रिणी, अचलपूर)

उत्तर : दोन्ही बरोबर आहेत, आणि पुस्तकावर विश्वास ठेवून न थांबता तुम्ही करून पाहिले, याचा मला फार आनंद झाला. आता पुढचा प्रयोग करा : तोच कागद घट्ट चुरगळून गोळा करा आणि नाण्याबरोबर पुन्हा टाका. कागदाचे वजन तेवढेच राहिले, तरी आता तो नाण्याच्या बराच जवळ राहून पडेल. अर्थात पहिल्या वेळचा फरक वजनामुळे नव्हता, तर पसरट कागदाला हवेने केलेल्या विरोधामुळे होता.

हवा नसेल तर वस्तुमानाचा परिणाम का होत नाही? वस्तुमान दुप्पट असेल तर पृथ्वीचे ओढणेही दुप्पट होते. पण दुप्पट वस्तुमानाला तेच त्वरण देण्यासाठी बलही दुप्पटच लागते. बलाला वस्तुमानाने भागले की वस्तुमान निघून जाते आणि प्रत्येक वस्तूसाठी ९.८ मी/से² हेच उत्तर मिळते.

या प्रश्नाचा इतिहास सांगताना गॅलिलिओने पिसाच्या कलत्या मनोऱ्यावरून गोळे टाकल्याची कथा नेहमी येते. ती त्याच्या शिष्याने, विव्हियानीने, पुढे लिहिलेल्या चरित्रातून आली आहे आणि ती जशीच्या तशी घडली असे बहुतेक इतिहासकार मानत नाहीत. त्याहून भक्कम नोंद सिमोन स्टेव्हिन या डच अभियंत्याची आहे : एक दुसऱ्याच्या दहापट जड असे शिशाचे दोन गोळे सुमारे तीस फुटांवरून फळीवर टाकले असता दोन्हींचा आवाज एकच आल्यासारखा ऐकू आला, असे त्याने १५८६ मध्ये प्रसिद्ध केले. गॅलिलिओचे खरे मोठेपण दुसरीकडे आहे. पडणारी वस्तू इतक्या वेगाने जाते की त्या काळच्या साधनांनी वेळ मोजणे अशक्य होते, म्हणून त्याने गोळे उतरत्या फळीवरून सोडले, गती मंद करून घेतली आणि भांड्यातून वाहणारे पाणी तोलून वेळ मोजला. कापलेले अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, हा नियम त्यातून हाती आला.

हवा नसलेल्या जागी हा प्रयोग साऱ्या जगासमोर झाला तो २ ऑगस्ट १९७१ रोजी, चंद्रावर. अपोलो १५ मोहिमेचे प्रमुख डेव्हिड स्कॉट यांनी एका हातात १.३२ किलोग्रॅमचा हातोडा आणि दुसऱ्या हातात ३० ग्रॅमचे ससाण्याचे पीस धरून दोन्ही सुमारे १.६ मीटर उंचीवरून एकदम सोडले. ती बरोबरच खाली पोहोचली. चंद्रावर गुरुत्वत्वरण १.६ मी/से² च्या आसपास असल्यामुळे त्यांना सुमारे १.४ सेकंद लागले; s = ½gt² हे सूत्र वापरून हे तुम्हाला स्वतः काढता येईल. त्या मोहिमेची चित्रफीत पाहायला मिळाली तर अवश्य पाहा.

आपल्याकडे मात्र हवेचा विरोध आहे हे आपले भाग्यच आहे. दोन किलोमीटर उंचीवरच्या ढगातून पडणाऱ्या थेंबाला हवेने अडवले नसते तर तो जमिनीपर्यंत येताना जवळजवळ २०० मी/से, म्हणजे ताशी ७०० किलोमीटरहून अधिक वेगाने आला असता आणि पहिल्या पावसातच पिके झोडपून निघाली असती. प्रत्यक्षात वेग वाढतो तसा हवेचा विरोधही वाढतो, लवकरच तो थेंबाच्या वजनाइतका होतो आणि मग मोठ्यातला मोठा थेंबही साधारण ९ मी/से या स्थिर वेगाने खाली येतो. परिणामी बल शून्य असताना वस्तू एकसमान वेगाने चालत राहते, या पहिल्या नियमाचे याहून चांगले उदाहरण दर पावसाळ्यात आपल्या अंगावर पडते.

प्रश्न : जाताना ताशी ४० आणि येताना ताशी ६० किलोमीटर. सरासरी ५० हे उत्तर गुरुजींनी चूक दिले. (इयत्ता आठवी, वाई)

उत्तर : गुरुजींचे बरोबर आहे. अंतर १२० किलोमीटर धर. जायला ३ तास, यायला २ तास. एकूण २४० किलोमीटर ५ तासांत, म्हणून सरासरी चाल ताशी ४८ किलोमीटर. कमी चालीने तू अधिक वेळ प्रवास केलास, त्यामुळे सरासरी तिकडे झुकते. प्रश्नात ‘सरासरी वेग’ विचारला असता तर उत्तर शून्य आले असते, कारण परत घरी आल्यावर विस्थापन शून्य होते.

प्रश्न : अवकाशात हवा नाही, तर रॉकेट कशाला मागे रेटून पुढे जाते? (इयत्ता नववी, गडचिरोली)

उत्तर : स्वतःच्याच ज्वलनातून निघालेल्या वायूला. इंजिन वायूला प्रचंड वेगाने मागे ढकलते आणि वायू इंजिनाला पुढे ढकलतो. जोडीतील दोन्ही वस्तू इथेच पूर्ण झाल्या, तिसऱ्या कोणाची गरज नाही. सेकंदाला १००० किलोग्रॅम वायू २५०० मी/से वेगाने बाहेर पडत असेल तर त्याच्या संवेगात दर सेकंदाला होणारा बदल, म्हणजेच रॉकेटला मिळणारे बल, २५ लाख न्यूटन होते. १४ जुलै २०२३ रोजी श्रीहरिकोट्याहून चंद्रयान-३ घेऊन निघालेल्या एलव्हीएम-३ या रॉकेटचे वस्तुमान उड्डाणाच्या वेळी सुमारे ६४० टन होते. त्याचे वजन ६३ लाख न्यूटनच्या आसपास भरते, त्यामुळे जमीन सोडण्यासाठीच त्याला याहून जास्त बल निर्माण करावे लागले.

तुला पडलेली शंका एका नामांकित वृत्तपत्रानेही जाहीरपणे घेतली होती. अमेरिकेतील रॉबर्ट गॉडर्ड यांनी रॉकेट चंद्रापर्यंत जाऊ शकेल असे सुचवल्यावर ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने १३ जानेवारी १९२० च्या अग्रलेखात, निर्वात पोकळीत रेटायला काहीच नसते एवढेही या गृहस्थांना कळत नाही, अशा आशयाची टीका केली. गॉडर्ड यांनी १६ मार्च १९२६ रोजी द्रवरूप इंधनावर चालणारे पहिले रॉकेट उडवून दाखवले. अपोलो ११ चंद्राकडे निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी, १७ जुलै १९६९ रोजी, त्या वृत्तपत्राने दुरुस्ती छापली आणि चुकीबद्दल खेद व्यक्त केला. गॉडर्ड १९४५ मध्येच निवर्तले होते. खरे तर हवा असलेली गैरसोयच असते. ती रॉकेटला अडवते आणि वायू बाहेर पडण्यालाही विरोध करते, त्यामुळे तेच इंजिन निर्वात जागेत अधिक बल देते.

प्रश्न : शुभांशु शुक्ला आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात तरंगताना दिसले. तिथे गुरुत्वाकर्षण नसते, हे बरोबर आहे का? (इयत्ता दहावी, परभणी)

उत्तर : बरोबर नाही. ते स्थानक पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर आहे. पृथ्वीची त्रिज्या सुमारे ६३७० किलोमीटर असल्यामुळे केंद्रापासूनचे अंतर थोडेसेच वाढते, आणि तिथे गुरुत्वत्वरण सुमारे ८.७ मी/से², म्हणजे इथल्याच्या जवळजवळ नव्वद टक्के असते. गुरुत्वाकर्षण नसते तर ते स्थानक पृथ्वीभोवती फिरलेच नसते, सरळ रेषेत निघून गेले असते.

मग तरंगणे कशामुळे? स्थानक आणि त्यातील माणसे सारखीच पडत असतात. सेकंदाला सुमारे ७.७ किलोमीटर वेगाने पुढे जाताना स्थानक त्या एका सेकंदात पृथ्वीकडे सुमारे ४.३ मीटर खाली येते. पण पृथ्वी गोल असल्यामुळे ७.७ किलोमीटर अंतरात तिचा पृष्ठभागही जवळपास तेवढाच खाली वळलेला असतो. त्यामुळे उंची कायम राहते आणि दीड तासाच्या आसपास एक फेरी पूर्ण होते. उंच डोंगरावरून तोफगोळा पुरेशा वेगाने आडवा सोडला तर तो पृथ्वीवर न पडता तिच्याभोवती फिरत राहील, हा विचार न्यूटननेच मांडला होता.

आपल्याला आपले वजन जाणवते ते पृथ्वी ओढते म्हणून नव्हे, तर जमीन किंवा खुर्ची आपल्याला वर रेटते म्हणून. स्थानकाचा तळही माणसाबरोबरच पडत असल्यामुळे तो माणसाला रेटत नाही. वजनकाटा पायाखाली ठेवला तर तो शून्य दाखवेल. वस्तुमान मात्र जसेच्या तसे राहते : शंभर किलोग्रॅमची पेटी तिथे उचलावी लागत नाही, पण तिला हलवायला किंवा हलत असेल तर थांबवायला इथल्याइतकेच बल लागते.

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत गेला असून त्याला गाडी हवी आहे. ‘वेग दुप्पट केला तर ब्रेकनंतरचे अंतर दुप्पट होईल, तेवढे मी सांभाळीन,’ असे तो म्हणतो. हे खरे आहे का? (एक पालक, नाशिक)

उत्तर : खरे नाही, आणि हा फरक आपण त्याच्यासमोर कागदावर मांडून दाखवावा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ब्रेक लागल्यावर कापले जाणारे अंतर वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वेग दुप्पट झाला की ते चौपट होते. त्याच्या पुस्तकातील v² = u² + 2as या सूत्रात अंतिम वेग शून्य ठेवला की हे लगेच मिळते.

कोरड्या रस्त्यावर ब्रेकमुळे वेग दर सेकंदाला ५ मी/से इतका कमी होतो असे मानू. ताशी ३० किलोमीटर म्हणजे ८.३ मी/से, या वेगात ब्रेकनंतर सुमारे ७ मीटर लागतात. ताशी ६० ला जवळजवळ २८ मीटर लागतात. यात आणखी एक भर घालावी लागते. समोरचा अडथळा दिसल्यापासून हात ब्रेक दाबेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो आणि तेवढा वेळ गाडी पूर्ण वेगाने चालत असते. तो सेकंद धरल्यास एकूण अंतर पहिल्या बाबतीत सुमारे १५ मीटर आणि दुसऱ्या बाबतीत सुमारे ४४ मीटर होते.

आता दोन गाड्या शेजारी शेजारी जात आहेत, एक ताशी ३० ने आणि दुसरी ६० ने, आणि १६ मीटरवर एखादे मूल रस्त्यात आले, अशी कल्पना करावी. पहिली गाडी मुलाच्या अलीकडे थांबते. दुसरी त्या एका सेकंदातच १६.७ मीटर पुढे गेलेली असते. म्हणजे मुलापाशी पोहोचते तेव्हा तिचा ब्रेकही लागलेला नसतो आणि वेग पूर्ण ताशी ६० किलोमीटर असतो. हाताच्या सफाईने यात काही बदल होत नाही. रस्ता ओला असेल आणि वेग दर सेकंदाला ३ मी/से इतकाच कमी होत असेल, तर ताशी ६० च्या गाडीला थांबायला एकूण सुमारे ६३ मीटर लागतात. आणि अठरा वर्षे पूर्ण होऊन परवाना मिळेपर्यंत गिअरची गाडी चालवण्यास कायद्याने परवानगी नाही, हेही त्याला याच वेळी सांगावे.